घटपर्णीतला तिसरा माणूस

गुरुवारी सकाळी चौथ्या कुंडीतल्या किडे खाणाऱ्या घटपर्णीचा रस वाचक यंत्रात घातला, तेव्हा वैजयंतीबाईंना फक्त एवढंच पाहायचं होतं की या रोपाच्या घटांत अलीकडे इतका गाळ कशाचा साचतो. पन्नास मिनिटांनी यादी आली. काळ्या मुंग्या. एक पतंग. डास, सहा-सात तरी. आणि शेवटी, डासांच्या पोटातल्या रक्तावरून : माणूस एक, माणूस दोन, माणूस तीन.

माणूस एक म्हणजे त्या स्वतः. माणूस दोन म्हणजे त्यांचे यजमान, शिरीषराव नाटेकर. घरात या दोघांखेरीज कुणी राहत नव्हतं. शिरीषरावांचा गुडघा बदलला त्याला अडीच महिने झाले होते. सुरुवातीला भेटायला येणारेही आता थांबले होते. निदान वैजयंतीबाईंच्या माहितीप्रमाणे तरी.

त्यांनी यादी पुन्हा वाचली आणि वाचक पुसून ठेवला.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या वरच्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं आणि घराच्या दक्षिणेला बारीक जाळीनं पूर्ण बंद केलेली लांबरुंद गॅलरी. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर वैजयंतीबाईंनी ती गॅलरी झाडांना देऊन टाकली होती. वर लाकडाच्या ओंडक्यांना बांधलेली अकरा ऑर्किडं, त्यांच्याखाली टांगलेल्या नऊ घटपर्णी, आणि खाली पसरट ताटलीत दवबिंदू. दवबिंदूच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. चिलटं, डास त्याला चिकटले की सुटत नाहीत. या सगळ्यांना पावसाचं साठवलेलं पाणीच लागतं, नळाचं चालत नाही, आणि खत घातलं तर ती मरतात. पाण्याची परीक्षा करण्यात जन्म गेलेल्या बाईला असा हट्टी गोतावळा आवडला नसता तरच नवल.

वाचक गेल्या वर्षी आला. कंपासपेटीएवढी वस्तू. जनुकं वाचणारी यंत्रं पूर्वी मोठ्या संस्थांत असत, ती आता हौशी लोकांच्या स्वयंपाकघरात आली होती. आतल्या पातळ पडद्याला इतकी बारीक भोकं असतात की त्यातून जनुकाचा एकच धागा ओढला जातो. धागा जाताना भोकातला विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, आणि त्या चढउतारावरून यंत्र अक्षरं ओळखतं. घटपर्णीच्या घटात पडलेला किडा विरघळायला दिवस-दोन दिवस लागतात. तोवर त्याचा धागा वाचता येतो. किडा डास असेल, तर त्यानं मरण्याआधी ज्याला चावलं त्याचाही. म्हणजे घटातला रस ही घरात मागच्या दोन दिवसांत कोण होतं याची हजेरीच. हे अर्थात कुणी जाहिरातीत म्हटलं नव्हतं. जाहिरातीत होतं, 'तुमचं झाड काय जेवलं ते जाणून घ्या.' रसाला आपल्याच हाताचा मळ लागला तर तो वजा करता यावा म्हणून घरच्यांची नोंद आधी करावी लागे. पहिल्याच दिवशी वैजयंतीबाईंनी स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं होतं, आणि शिरीषरावांनी हसत हसत थुंकी दिली होती.

डास उडतो, बाहेरून आला असेल, असं त्यांनी त्या गुरुवारी स्वतःला समजावलं. पण गॅलरीला जाळी होती, घराच्या खिडक्यांना जाळी होती. शनिवारच्या यादीत तिसरा माणूस नव्हता. सोमवारच्याही नव्हता. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला.

बुधवारी त्या घरी नसत. दर बुधवारी सकाळच्या गाडीनं त्या लांज्याला एका रोपवाटिकेत जात. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्याच्यात पोटापुरतंही अन्न नसतं, म्हणून ते बाटलीत पोषक द्रव्यं घातलेल्या निर्जंतुक खळीवर रुजवावं लागतं. हे नाजूक काम त्यांच्या हातांना जमे. परत यायला साडेसहा व्हायचे.

"काल कुणी आलं होतं का हो?" त्यांनी चहा ओतताना विचारलं.

"काल? नाही," शिरीषराव म्हणाले. वर्तमानपत्रातून मान वर न करता. मग जरा थांबून, "का गं?"

"बेल वाजली होती म्हणत होत्या शेजारच्या."

"कुरियर असेल. मी कुठला उठतोय."

शेजारच्या तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. सदतीस वर्षांच्या संसारात आपण नवऱ्याला पहिल्यांदा जाळ्यात पकडायला खोटं बोललो, हे वैजयंतीबाईंना चहा पिऊन झाल्यावर उमगलं. आणि त्याच्या खोट्यापुढे आपलं कमीच, असंही लगेच वाटलं.

मग त्यांना सगळंच दिसायला लागलं. बुधवारी संध्याकाळी मोरीत एकही उष्टा कप नसे, जणू दिवसभर हा माणूस चहाच प्यायला नाही. मंगळवारी ते सहज विचारत, "उद्या गाडी नेहमीचीच ना?" गुडघ्याचे व्यायाम करायला रोज कुरकुर करणारा माणूस बुधवारचे मात्र सगळे झाले म्हणून सांगे.

महिन्यातून एकदा कीटभक्षी झाडं पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक भरे. पूर्वी तिथे कुणाच्या घटात किती झुरळं आली, कुणाच्या दवबिंदूला फुलं आली, अशा गप्पा चालत. या वेळी वैजयंतीबाईंच्या ध्यानात आलं की झाडांबद्दल कुणी बोलतच नव्हतं. जो तो यादीतल्या शेवटच्या ओळींबद्दल दबक्या आवाजात बोलत होता. एकानं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला काढलं होतं. एकीनं जावयाशी बोलणं टाकलं होतं.

"तुम्ही नुसता आकडा बघता?" बर्डेवहिनी त्यांच्या शेजारी सरकून बसल्या. त्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. "खाली 'नातं' म्हणून खूण आहे. ती दाबा. वयही सांगतं. वयाबरोबर रक्तातल्या जनुकांवर रासायनिक ठिपके बसत जातात म्हणे, ते मोजतं."

"आणि समजलं म्हणजे काय करायचं, वहिनी?"

"ते काही यंत्र सांगत नाही," बर्डेवहिनी म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी वैजयंतीबाईंनी दवबिंदूची ताटली दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आणून ठेवली. "गॅलरीत ऊन फार लागतंय तिला," त्या म्हणाल्या. शिरीषरावांनी नुसतं "बरं" म्हटलं. त्यांनी काहीच विचारलं नाही, याचाही वैजयंतीबाईंना संशय आला.

गुरुवारी शिरीषराव आंघोळीला गेले तशी त्यांनी पानं धुऊन पाणी वाचकात घातलं. तिसरा माणूस दिवाणखान्यातच होता. मग त्यांनी खालची खूण दाबली.

स्त्री. वय अंदाजे चाळीस, चार वर्षं इकडेतिकडे. माणूस एकशी नातं नाही. माणूस दोनशी निम्मा वारसा समान : पालक-अपत्य किंवा सख्खं भावंड.

शिरीषराव एकुलते एक. त्यांच्या आईवडिलांना जाऊन वर्षं लोटली होती.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. वैजयंतीबाई खुर्चीवर तशाच बसल्या आणि सवयीनं हिशेब करू लागल्या. चाळीस वर्षं म्हणजे लग्नाच्या आधीचं. शिरीषराव तेव्हा मिरजेला फार्मसीला होते. त्यांचं कुणावर मन असेल, मूल झालं असेल, घरच्यांनी दाबून टाकलं असेल. हे त्यांना कदाचित सोसवलं असतं. पण त्यामागोमाग त्यांना दुसरी गोष्ट आठवली.

लग्नाला चार वर्षं होऊनही मूल होईना, तेव्हा दोघं कोल्हापूरला डॉक्टरांकडे गेली होती. सुया झाल्या, भूल देऊन बीजांडं काढणं झालं. अखेरचा निकाल घ्यायला शिरीषराव एकटेच गेले, आणि परत येऊन त्यांनी ओटीवर, आपल्या आईसमोर सांगितलं होतं : दोष माझ्यात आहे, मला मूल होणार नाही.

ज्याला मूल होणार नव्हतं, त्याला चाळिशीची मुलगी होती. म्हणजे दोष नव्हताच. म्हणजे त्याला माझ्यापासून मूल नको होतं.

दोन आठवडे त्या हा विचार घेऊन घरात वावरल्या. त्यांनी आमटी केली, झाडांवर फवारे मारले, शिरीषरावांच्या गुडघ्याला तेल लावलं, आणि तेल लावताना या माणसाला आपण ओळखतो का, हे ठरवता येईना.

मग एका बुधवारी त्या नेहमीसारख्या लांज्याच्या गाडीत बसल्या, हातखंब्याला उतरल्या आणि उलट गाडीनं परत फिरल्या. वाटेत मैत्रिणीकडे दुपार काढली. तीन वाजता त्यांनी स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं.

शिरीषराव कोचावर होते. समोर जमिनीवर एक बाई बसली होती. कुरळे केस वर बांधलेले, कामावर जायच्या कपड्यांत. तिनं त्यांची टाच तळहातात धरली होती आणि ती मोजत होती, "अकरा… बारा… अजून तीन, काका, सोडायचं नाही."

"वैजू," शिरीषराव म्हणाले.

"यांची ओळख करून द्या."

"ही ऋजुता मगदूम. मत्स्य महाविद्यालयात शिकवते. जूनमध्ये बदलून आली इथे. ही…"

"तुमची मुलगी. मला माहीत आहे."

ऋजुतानं टाच हळूच स्टुलावर ठेवली. "काका, तुम्ही सांगितलंत?"

"नाही गं."

"मग यांना कसं समजलं?"

वैजयंतीबाईंनी टीव्हीशेजारच्या ताटलीकडे बोट केलं. "तुम्हाला इथे डास चावतात. ते तिथे अडकतात. मी ते वाचते."

ऋजुता उठली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही. "म्हणजे तुम्ही माझं रक्त तपासलंत. मला न विचारता."

"तुम्ही माझ्या घरी आलात, मला न विचारता."

"हो. ते चुकलंच. पण मी दार वाजवून आत आले होते, काकू." तिनं पर्स उचलली आणि ती शिरीषरावांकडे वळली. "उरलेले तीन करा." आणि ती गेली.

वैजयंतीबाई उभ्याच राहिल्या. "आता बोला," त्या म्हणाल्या.

शिरीषरावांनी सांगितलं. मिरजेला शेवटच्या वर्षाला असताना एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मूल नसलेल्या जोडप्यांसाठी वीर्यदान करणारी मुलं लागत. वर्गातले चार-पाच जण जात, तेही गेले होते. नाव गुप्त राहील असं सांगितलं होतं, आणि ते खरंच विसरून गेले. दोन वर्षांपूर्वी आरोग्य तपासणीत त्यांनी एका कागदावर सही केली, त्यांच्या रक्ताची नोंद जनुकांवरून नाती जुळवणाऱ्या कुठल्याशा शोधात गेली, आणि एक दिवस ऋजुताचं पत्र आलं. तिचे वडील, म्हणजे तिला वाढवणारे, वारले होते. मग आईनं तिला खरं सांगितलं होतं.

"म्हणजे बाई नव्हती कुणी," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"नव्हती."

"पण तुम्ही बाप होऊ शकत होतात."

शिरीषरावांनी होकारार्थी मान हलवली.

"कोल्हापूरहून येऊन ओटीवर तुम्ही जे सांगितलंत, ते खोटं."

"खोटं."

"का? माझ्यापासून नको होतं मूल?"

शिरीषरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी थोबाडीत मारली. "तुला असं वाटलं?"

"दोन आठवडे तेच वाटतंय."

बराच वेळ ते गुडघ्यावरचा व्रण चाचपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं. तुझी बीजांडं काढली ती एकही पिकलेली नव्हती, पिकणारही नाहीत. आईनं तेव्हा माझ्यासाठी कुडाळच्या एका स्थळाची चौकशी सुरू केली होती. तुला ठाऊक नाही ते. गाडीत बसून येताना मी विचार करत होतो की काय सांगावं. माझ्यात दोष आहे म्हटल्यावर ती चौकशी थांबली."

वैजयंतीबाई आत निघून गेल्या. त्यांना रडू आलं नाही. आला तो पुन्हा संशयच. तेहतीस वर्षं एक खोटं इतक्या सफाईनं सांभाळणारा माणूस अडचणीत सापडल्यावर दुसरं का रचणार नाही? आणि हे तर असं होतं की ऐकणाऱ्यानं उलट उपकारच मानावेत. कोल्हापूरचे ते डॉक्टर हयात नव्हते. कागद कुठेच नव्हते.

पण त्यांचं स्वतःचं रक्त पहिल्या दिवसापासून वाचकात होतं. माणूस एक. त्यांनी स्वतःच्या नोंदीत डोकावून कधी पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी दुपारी, शिरीषराव झोपलेले पाहून, त्या गॅलरीत स्टुलावर बसल्या आणि त्यांनी ती उघडली. प्रश्न विचारायला जागा होती. त्यांनी विचारला.

उत्तर तीन ओळींत आलं. बीजांड पिकताना त्याच्या आत धाग्यांची एक चौकट उभी राहावी लागते. ती चौकट बांधणाऱ्या जनुकात त्यांच्याकडे एक अक्षर वेगळं होतं. पाळी नियमित येते, तब्येत उत्तम असते, पण बीजांड पिकत नाही. हा दोष जन्मतःच असतो.

हे जनुक सापडलं तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. डॉक्टरांना कारण माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यांनी भिंगाखाली जे दिसलं ते सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

वाचक मांडीवर तसाच राहिला. त्यांना एक जेवण आठवलं. लग्नाला दहाएक वर्षं झाली होती. कशावरून तरी भांडण झालं होतं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "तुमच्यामुळे मी अशी राहिले." शिरीषरावांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्यांनी तो आमटीत बुडवला, खाल्ला, ताटातलं सगळं संपवलं आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी मनातल्या मनात त्यांना क्षमा केली होती. पुढची सगळी वर्षं त्या ती क्षमा मोठ्या मनानं करत आल्या होत्या. लग्नाकार्यात बायका हळहळत, नवऱ्याच्या दोषाबद्दल कुजबुजत, आणि त्या काही न बोलता सोसणाऱ्या बाईसारख्या बसत.

संध्याकाळी त्यांनी शिरीषरावांसमोर वाचक ठेवला. त्यांनी वाचलं आणि बाजूला सारलं.

"माझ्यावर विश्वास नव्हता तुझा."

"नव्हता. आणि एक सांगते, मला तुमचा रागही आलाय. मला सांगितलं असतंत तर मी दत्तक घ्यायचा विषय काढला असता. कितीदा जिभेवर आलं होतं. तुमच्यात दोष, तुम्हाला लागेल, म्हणून गिळलं."

शिरीषराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "मीही गिळलं," ते म्हणाले. "दत्तकाचं बोललो तर तुला शंका येईल, पुन्हा तपासण्या कर म्हणशील, असं वाटलं."

बाहेर अजून उजेड होता. वैजयंतीबाईंनी विचारलं, "आणखी काही आहे का, जे मला माहीत नाही?"

"ते ऋजुतानंच सांगावं," शिरीषराव म्हणाले. "ते तिचं आहे. माझं नाही."

सोमवारी वैजयंतीबाई मत्स्य महाविद्यालयात गेल्या. ऋजुता एका लांब खोलीत काचेच्या टाक्यांमधून जाळीनं पिल्लं उचलून वेगळी करत होती. त्यांना पाहून तिनं जाळी टाकीच्या काठाला टेकवली, पण बसा म्हटलं नाही.

"माफी मागायला आले," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वाचक काढला आणि तिच्यादेखत माणूस तीनची नोंद उघडली, पुसली, आणि रिकामी जागा तिला दाखवली.

"काका तुमच्या मंडळाबद्दल बोलले होते. तिथे कुणाला ही नोंद पाठवली होतीत?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. पण तुम्हाला खात्री करून घ्यायला काही साधन नाही. माझ्या शब्दावर विसंबावं लागेल."

ऋजुतानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. स्वतः पंधरा दिवसांमागे आपण नवऱ्याकडे असंच पाहत होतो, हे वैजयंतीबाईंनी ओळखलं आणि त्या नजर न चुकवता उभ्या राहिल्या. टाक्यांमधल्या हवेच्या नळ्या बुडबुडत होत्या. मग ऋजुतानं कोपऱ्यातलं स्टूल ओढून पुढे केलं.

"काकांनी तुम्हाला सांगितलं का मी दर बुधवारी का येत होते ते?"

"नुसता व्यायाम करून घ्यायला नाही एवढं समजलं."

"तेही होतंच. त्यांना एकट्याला जमत नव्हतं." तिनं हात पुसले. "मी एकटी नाहीये, काकू. त्या शोधात आम्ही पाच जण जुळलो. एक सांगलीला, दोघं पुण्याला, एक बडोद्याला. आमच्यात मीच काय ती काकांपर्यंत पोचले. बाकीच्यांना मी त्यांचं नाव अजून सांगितलेलं नाही. सांगू का, हे विचारायला यायचे. दर वेळी ते म्हणायचे, वैजूला आधी सांगतो. आणि दर वेळी त्यांना ते जमायचं नाही."

वैजयंतीबाई स्टुलावर बसल्या. पाच. त्यांनी तो आकडा मनात एकदा म्हणून पाहिला. त्यातला एकही त्यांचा नव्हता. यंत्रानं ते आधीच सांगितलं होतं : माणूस एकशी नातं नाही. बाकीचे चौघं कसे असतील, काय मागतील, काय घेऊन येतील, काहीच ठाऊक नव्हतं. मनात जुनी शंका पुन्हा हलली. या मुलीनं तरी सगळं सांगितलंय का? त्यांनी ऋजुताच्या हातांकडे पाहिलं. मधलं बोट अंगठीच्या बोटाकडे किंचित कललेलं होतं, अगदी शिरीषरावांचं आहे तसं.

"तुम्ही नको म्हणालात तर मी सांगणार नाही," ऋजुता म्हणाली. "त्यांनाही तसं कळवीन."

"सगळे एकदम नकोत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "एकेकाला आणा. आणि बुधवारी नाही, रविवारी. मी घरी असते."

ऋजुतानं पुन्हा हात पुसले, ते कोरडे होते तरी.

"पुढच्या रविवारी आधी तुम्ही या," वैजयंतीबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "आणि मला एवढं कळवून ठेवा, पाचांत मासे न खाणारे किती?"